कॉलरमागचा देश

"थांब, हलू नकोस," असं म्हणत ती समोरच्याच्या मानेमागे हात घालायची, कॉलर उलटी करायची आणि आतलं लेबल वाचायची. मग जाहीर करायची, "व्हिएतनाम." किंवा "बांगलादेश." अशी ओळख करून घेणारं माणूस तुम्ही पाहिलं असेल तर मला सांगा. मी तरी एकच पाहिलं.

दिल्लीच्या मुनिरकात मी खोली घेतली तेव्हा ती वरच्या मजल्यावर राहत होती. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरच्या बाल्कनीतून साखर मागता येते. मी वर्ध्याकडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे दिल्लीत मी सतत कुणाला तरी विचारून पाऊल टाकायची. जिन्यात आईशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात मराठी ऐकून ती खाली आली आणि फोन संपायच्या आत तिनं माझी कॉलर धरली. लेबल कापलेलं होतं. शिवणीत नुसतं थोटूक उरलं होतं.

"सरोजिनी नगर!" ती खूश झाली. "म्हणजे तू जन्मानं नोएडाची. परदेशात निघाली होतीस, एखाद्या टाक्यापायी नापास झालीस. चहा घेणार?"

नोएडाच्या कारखान्यांतला, निर्यातीतून नाकारलेला माल लेबल कापून सरोजिनी नगरच्या बाजारात विकतात, हे मला तेव्हा कळलं. आपण अंगावर एका कारखान्याची चूक घालून हिंडतोय, हेही.

मी तिला ताई म्हणू लागले. ती पीएचडी करत होती. विषय होता कापूस, गिरण्या आणि साम्राज्य. या मोठ्या शब्दांची मला भीती वाटायची. वर्गात कुणी भांडवलशाही म्हटलं की मी वहीत मान घालायची. ताई मात्र गच्चीवर कपडे वाळत घालता घालता सांगायची.

"हे बघ. कारखानदारानं यंत्र घेतलं. ते बंद ठेवलं तर बुडाला. म्हणजे त्याला रोज कापूस पाहिजे आणि रोज गिऱ्हाईक पाहिजे. त्याच्या गावात दोन्ही पुरेना. मग तो बाहेर निघाला. आधी दुकान, मग गोदाम, मग झेंडा. लोक म्हणतात ते राज्य करायला आले. अगं, यंत्राला भूक लागली म्हणून आले!"

"पण ताई," मी चाचरत म्हटलं, "रेल्वे तर त्यांनीच दिली ना?"

ती हसली नाही. चिमटा दातात धरून तिनं विचारलं, "तुमच्या गावाहून गाडी कुठे जाते?"

"मुंबईला."

"आणि शेजारच्या तालुक्याला?"

"एसटीनं जावं लागतं."

"मग?" एवढंच म्हणून ती ओली चादर झटकायला लागली. माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात. त्या गाठी कुठे जातात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोन करून विचारलं. बाबा म्हणाले, "ट्रकमध्ये. का गं, काय झालं?"

तिचं हे वेड कुठेही उफाळायचं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आम्ही कधीमधी जेवायला जायचो. एकदा शेजारच्या टेबलावर मुंबईहून आलेले एक साहेब परदेशी मालाच्या विरोधात तावातावानं बोलत होते. ताई उठली. "काका, एक मिनिट हं." आणि कॉलर उलटी! साहेबांच्या घशात भाकरी अडकली. "इंडोनेशिया," ताई शांतपणे म्हणाली. साहेब ओरडतील म्हणून मी पर्स उचलली. पण ते म्हणाले, "सूनबाईंनी घेतलाय हो." मग पूर्ण जेवण होईपर्यंत ते स्वतःच दोन बोटांनी कॉलर चाचपत बसले.

असं सगळं गमतीत चाललं होतं, पण ताईला स्वस्थता नव्हती. तिला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आजच्या कारखान्यांवर लिहायचं होतं. झेंडा उतरला, मग भूक गेली कुठे, हा तिचा प्रश्न होता. तिचे मार्गदर्शक म्हणत, "तुम्ही इतिहासाच्या विद्यार्थिनी. नोएडाला कशाला जाता?" शिष्यवृत्ती संपली तेव्हा ती नोएडालाच गेली. तयार कपड्यांच्या एका कंपनीत कम्प्लायन्सची नोकरी घेतली. म्हणजे परदेशी बायरची माणसं तपासणीला यायच्या आधी कारखाना नियमांत बसतोय ना, ते पाहायचं. "पोटासाठी आणि प्रकरणासाठी," ती म्हणाली. "एका पगारात दोन कामं."

अशाच एका तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं मला मदतीला नेलं. शेडमध्ये घुसताच कानठळ्या बसल्या. एरवी खोकी रचून अडवलेलं मागचं दार मोकळं करणं चाललं होतं. मास्क वाटले जात होते. फिनिशिंगच्या टेबलांवर बायका शर्टांचे सुटे धागे कापत होत्या. त्यांत शबनम होती. तिची बोटं शिवणीवरून अशी फिरायची की धागा तिला आधी लागायचा आणि मग दिसायचा. ताईचं तिच्याशी चांगलं जमलं होतं.

"मैडम, कल हमें खुश रहना है ना?" शबनमनं विचारलं.

"थोड़ा कम," ताई म्हणाली. "पिछली बार तुम सब इतना हँसी कि उनको शक हो गया."

टेबलभर बायका हसल्या. ताईही हसली, पण परतताना मेट्रोत ती कुणाच्याच कॉलरकडे पाहत नव्हती.

प्रकरण लिहून झालं. शेड, मागचं दार, मास्क, तपासणीपुरतं हसू, सगळं त्यात होतं. तिनं मला वाचून दाखवलं. कारखान्याचं नाव नव्हतं, तरी ओळखणारा ओळखेल असं होतं. छापायच्या आधी शबनमला सांगायलाच हवं, असं तिला वाटलं. एका रविवारी तिनं तिला मुनिरकाला बोलावून पोहे केले. मीही होते.

शबनमनं सगळं ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली. "झूठ तो कुछ नहीं है, मैडम. पर मत लिखिए."

"तुम्हारा नाम कहीं नहीं है."

"नाम की बात नहीं. बात निकलेगी तो ऑर्डर चला जाएगा. बगल वाली फैक्टरी का गया था. मालिक ने दूसरी जगह खोल ली, बायर ने दूसरा मालिक पकड़ लिया. घर बैठीं तो बस हम."

शबनम गेल्यावर ताई गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या घालत राहिली. मध्येच थांबून म्हणाली, "बघ ना. आता झेंडाही लागत नाही. नुसतं उठून जाईन म्हणायचं, की सगळे गप्प." मग आणखी एक फेरी घालून, "मी पण."

तिनं ते प्रकरण काढून टाकलं. प्रबंध झेंडा उतरण्यापाशीच संपवला. पदवी मिळाली तेव्हा गल्लीतल्या किराणावाल्यानंसुद्धा तिला डॉक्टर म्हणून गुडघेदुखीवर गोळी विचारली. ती हसली. मला वाटलं, झालं, आता ती निवांत होईल.

काही महिन्यांनी ऑर्डर गेलीच. कुणी काहीच लिहिलं नव्हतं, तरी गेली. इथिओपियात मजुरी स्वस्त पडते म्हणून कंपनीनं तिथे शेड उभारली. नोएडातली फिनिशिंगची टेबलं रिकामी झाली. आणि तिकडच्या बायकांना तपासणीसाठी तयार करायला ताईला विचारण्यात आलं.

ती हो म्हणाली.

ती बॅग भरत असताना मी तिच्या खोलीत उभी होते. मला वाद घालता येत नाही, तरी बोलले. "ताई, तू सुद्धा त्या ऑर्डरमागे चाललीस?"

"ती कुठे जाते ते पाहायला नको?"

"पाहायला की शिकवायला?"

तिचे हात थांबले. तिनं जवळ येऊन माझी कॉलर उलटी केली. तोच जुना शर्ट होता, तेच थोटूक. त्यावर अंगठा फिरवून तिनं कॉलर सरळ केली. "शबनमला फोन करत जा," म्हणाली. "काम लागलं का विचारत जा. मला धीर होत नाही."

सुरुवातीला तिचे मेसेज यायचे. तिथली कॉफी, थंडी, बायकांची गाणी. प्रकरणाचं विचारलं की ती विषय बदलायची. मग मेसेज विरळ झाले, आता येतच नाहीत. शबनम बंगल्यांमध्ये धुणीभांडी करते. फोनवर आधी ताईचीच चौकशी करते.

परवा साकेतच्या मॉलमध्ये एका मोठ्या परदेशी दुकानात शिरले. विकत घेण्यासारखं तिथे माझ्यासाठी काही नसतं. टांगलेल्या शर्टांच्या कॉलरी मी एकेक उलटत गेले. मला आता ती सवयच लागली आहे. एकीत इथिओपिया निघालं. नवंकोरं, न कापलेलं लेबल.

"मैम, साइज़ देखूँ?" विक्रेती जवळ आली.

"नहीं, बस देख रही हूँ."

बोट शिवणीवरून फिरवलं तर बाहीपाशी एक सुटा धागा लागला. शबनमच्या हातून तो सुटला नसता. मी ओढला, पण तो तुटेना, लांबतच गेला.