निशिगंधाचे दोन कंद

कुठं मेंदीच्या कुंपणाला फुलं आली, की त्या वासानं मला रिसोडकडची जहागीरदारांची जुनी बाग आठवते. कॉलेजातली एक मैत्रीण आणि मी मोबाइलवर फोटो काढायला तिथं गेलो होतो. ‘मी बी पहिल्यांदाच आली,’ असं ती म्हणाली होती. पण कोरड्या कारंज्याला वळसा घालून, वेलींनी झाकलेल्या पायऱ्या उतरून ती न अडखळता थेट खालच्या ताटव्यापाशी पोचली. लांबून रखवालदार दिसला, तशी तिनं ओढणी तोंडावर ओढली. मला संशय येऊ लागला. तिनं माती उकरून काहीतरी झटकन पिशवीत टाकलं, तेव्हा मी विचारलंच, “काय चोरून राह्यली तू?” तिनं पिशवी माझ्यापुढं उलटी केली. निशिगंधाचे दोन कंद पडले. “माहे अब्बा इथं माळी होते. चोरीचा आळ घेऊन काढलं त्यायले,” ती म्हणाली. “आता खाटेवरच राह्यतात. त्यायनंच लावलेले हे, कुंडीत लावाले नेऊन राह्यली होती. आता तू बी चोरच म्हन.” मी पुन्हापुन्हा माफी मागितली. परतताना जीपमध्ये ती पुढं जाऊन बसली. आजही आम्ही फोनवर बोलतो, हसतो. पण तिनं मला घरी कधीच बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही.