लेन्स बदलली तो दिवस

फोटोकाकूंचा कुणावर पटकन विश्वास बसायचा नाही. दुधाची पिशवी घरात आली की त्या आधी तारीख बघत. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघत, चार पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढत. गिऱ्हाइकाने "माझे डोळे मिटले नाहीत ना?" असं विचारायच्या आतच म्हणत, "मिटले होते. पुन्हा बघा इकडे."

एकाच गोष्टीवर त्यांचा डोळे झाकून विश्वास होता, ती म्हणजे त्यांची लेन्स.

ती लेन्स त्यांच्या नवऱ्याने जुन्या बाजारातून आणली, तेव्हा मुलगा रांगत होता. मुठीएवढी आणि वरवंट्यासारखी जड. नवरा गेला, फिल्म गेली, कॅमेरे आले आणि बाद झाले. लेन्स मात्र राहिली. नव्या कॅमेऱ्याला ती बसेना, तर काकूंनी मधली कडी करवून घेतली आणि बसवली. त्या लेन्समधून काढलेल्या फोटोला एक वेगळीच झाक यायची. उतरत्या उन्हात अंगणात बसल्यासारखी. चेहरे निवांत दिसत, पांढरा सदरा सायीच्या रंगाचा होई. गल्लीतल्या बायका म्हणत, "काकूंच्या फोटोत भांडकुदळ माणूससुद्धा समाधानी दिसतो."

मुलाला हे पटायचं नाही. "आई, काच ती काच. तिला काय स्वभाव असतो का? तू उजेड बरा लावतेस, एवढंच."

"मग दुसरी लेन्स लावून काढून दाखव तसा फोटो."

"मला कुठे काढता येतो?"

"मग बोलू नकोस."

मुलाच्या लग्नानंतर सुनेचा भाऊ एकदा स्टुडिओत आला होता. त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. त्याने ती लेन्स हातात घेऊन उलटीसुलटी केली, खिडकीकडे धरली आणि हलकेच शीळ घातली. "काकू, असा नग आता बघायला मिळत नाही. कधी विकायला काढायची झाली तर आधी मला सांगा." काकू हसल्या, पण लेन्स त्याच्या हातातून परत घेताना जरा घाईच केली.

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तोवर सून दोन वर्षं स्टुडिओत हाताशी राहून तयार झाली होती. काकूंनी मन घट्ट करून किल्ल्या तिच्या हातात दिल्या. एक मोठी, दाराची. एक लहान, लेन्सच्या लोखंडी कपाटाची.

"स्टुडिओ तूच चालवणार आहेस आता, आज ना उद्या. फक्त कॅमेऱ्यातलं रंगाचं सेटिंग हलवू नकोस, मी लावून ठेवलंय. आणि लेन्सला जप. तिला बुरशी लागू देऊ नकोस. एकदा आत शिरली की काच खाते ती."

"जपते, आई."

"माझ्यापेक्षा जास्त जप."

"तुमच्यापेक्षा जास्त कुणालाच जपणार नाही," सून म्हणाली, आणि काकूंना हे कौतुक की टोमणा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळा सरता सरता काकू काठी टेकत स्टुडिओत परतल्या. त्याच दिवशी समोरची शिंपीण नातवाचा वाढदिवसाचा फोटो न्यायला आली. ती दरवर्षी तो फोटो इथेच काढायची आणि शिलाई मशीनच्या वर ओळीने लावायची. तिने पाकीट उघडलं, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"काकू, यंदा फिका वाटतो का हो?"

"दाखव."

काकूंनी चष्मा पुसला. फोटो स्वच्छ होता, नेमका होता, पोरगं गोडच होतं. पण सदरा पांढरा होता, अगदी कागदासारखा. ती झाक कुठेच नव्हती. कुठल्याही दुकानात निघेल असा फोटो.

शिंपीण गेली. काकूंनी सेटिंग बघितलं. त्यांनी लावलं होतं तसंच. दिवे जुनेच, भिंतही जुनीच. मग उरलं काय? कपाटाशी वाकलेल्या सुनेच्या पाठीकडे बघताना त्यांना ती शीळ आठवली.

त्या दुपारी सून जेवायला घरी गेली, तशी काकूंनी कपाट उघडलं. त्यांच्या लेन्सला एक खूण होती. काचेच्या आत, कडेला, खसखशीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा. नवरा त्याला तीळ म्हणायचा. काकूंनी लेन्स दिव्याकडे धरली. तीळ जागच्या जागी होता.

दुसरं कुणी असतं तर इथे निश्चिंत झालं असतं. पण संशयाचं कसं असतं, त्याला एका खिडकीतून हाकललं की तो दुसरीतून आत येतो. काकूंच्या मनाने लगेच सुचवलं की पुढची काच तीच असेल, मागची बदलली असेल. दुकानदाराच्या हाताला अवघड काय त्यात? सून सांगेल, भाऊ करेल, आणि म्हाताऱ्या बाईला तीळ दिसला की ती गप्प बसेल.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. स्टुडिओच्या फोनवरून त्यांनी सुनेच्या भावाच्या दुकानात फोन लावला आणि आवाज जाड करून विचारलं, "जुन्या लेन्सची मागची काच मिळेल का? जरा पिवळसर झाक देणारी?"

 पलीकडून अगदी नम्र उत्तर आलं, "नाही हो. तसं काही आलंच, तर कुणाला कळवू?"

काकूंनी फोन ठेवून दिला. 

आता त्यांना दिवस हवा होता. लेन्स नेमकी कधी बदलली तो दिवस. तो हाताशी आला की मुलाला सरळ विचारता येईल, त्या दिवशी तुझा मेव्हणा कुठे होता? काय विचारायचं ते ठरलं होतं, फक्त त्याचं उत्तर घरात काय काय मोडेल याचा विचार करायला मन धजत नव्हतं.

शोधायची जागा ठरलेली होती. स्टुडिओत काढलेल्या प्रत्येक फोटोची एक छोटी प्रत आतल्या खोलीच्या भिंतीवर चिकटायची. नवऱ्यापासूनची पद्धत, सुनेनेही ती मोडली नव्हती. काकू स्टूल ओढून भिंतीशी बसल्या आणि खालच्या नव्या ओळीत डावीकडून सुरुवात केली. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा फोटो पोस्टमनचा. झाक होती, भरपूर. पुढे सुनेने काढलेले. नर्सबाई, झाक होती. जुळ्या बहिणी, होती. बेकरीवाला, होती, थोडी कमी? मागे जाऊन त्यांनी नर्सबाई पुन्हा बघितली. मग पुढे. शाळेतले मास्तर, जरा कमी. बँकेतला शिपाई, त्याहून कमी. नवी नवरी, अगदी पुसट. शेवटी शिंपिणीचा नातू, काहीच नाही.

काकू पुन्हा पहिल्यापासून आल्या. मग उलट्या बाजूने आल्या. तो दिवस सापडेना. कालपर्यंत होती आणि आज नाही, असे शेजारशेजारचे दोन फोटो त्या भिंतीवर नव्हतेच. काच बदलली असती, तर झाक एका दिवसात गेली असती. ही तर केस पांढरे व्हावेत तशी गेली होती, कुणाच्या नकळत.

चोर असा थोडा थोडा येत नाही.

हे पटायला त्यांना वेळ लागला. पटलं, तेव्हा नजर नकळत भिंतीच्या वरच्या टोकाला गेली. तिथे त्या लेन्समधून निघालेला पहिला फोटो होता. रांगता मुलगा, झबल्यात. झबलं पांढरं होतं, शुभ्र. इतकी वर्षं काकू समजत आल्या, त्या कागदाचाच रंग उतरला. आज त्यांनी शेजारचे त्याच काळातले फोटो पाहिले. सगळे शुभ्र. लेन्स आली तेव्हा ती झाक नव्हतीच. ती मागाहून चढली होती, कपाटाच्या अंधारात, वर्षावर्षाला.

दारात सून उभी होती. जेवून आलेली. तिने स्टूल बघितलं, भिंत बघितली.

"सापडला का दिवस?"

काकू दचकल्या. "कसला दिवस?"

"दादाचा फोन आला होता. म्हणाला, तुझ्या सासूबाई आवाज बदलून बोलल्या, पण मधेच खोकल्या. खोकला बदलता येत नाही. काच मी कधी बदलली, तेच शोधताय ना भिंतीवर?"

काकूंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. सुनेने पर्समधून किल्ल्या काढल्या, मोठी आणि लहान, आणि टेबलावर ठेवल्या. आवाज झाला नाही, इतक्या हळू.

"तुमचा स्टुडिओ तुम्हीच सांभाळा, आई. रोज कुणी आपल्यावर डोळा ठेवतंय असं वाटत मला काम नाही जमणार."

"थांब. मला एक सांग. लेन्सला तू केलंस काय?"

"अजून तेच?"

"अगं, चोरी म्हणून नाही विचारत. तीच आहे लेन्स. कळलंय मला. पण तू रोज तिचं करायचीस काय?"

सुनेने नाक ओढलं. ती रडत होती हे काकूंना तेव्हा कळलं. "काय करणार? पावसाळा होता, कपाटात दमट वास यायचा. तुम्हीच सांगितलं होतं, बुरशी लागू देऊ नकोस. ऊन पडलं की खिडकीत ठेवायचे. जवळ बसून राहायचे, कुणी उचलू नये म्हणून. आत काय झालं, मला काय माहीत?"

काकूंनी खिडकीकडे बघितलं. चौकटीवर एक जुना टॉवेल घडी घालून ठेवला होता, मधोमध लेन्सच्या बुडाएवढा खळगा पडलेला. तो त्यांना आज आल्यापासून दिसलाच नव्हता.

"उन्हाने झाक काढली म्हणायची," त्या म्हणाल्या. "काचेलाच पिवळेपणा चढला होता. दुखणंच ते. आम्ही आपलं त्याला स्वभाव म्हणत बसलो."

"म्हणजे मी खराब केली?"

"नाही गं. तू बरी केलीस." आणि मग, जे त्यांना कधीच सोपं गेलं नव्हतं ते: "मी फार वाईट विचार केला तुझ्याबद्दल. तुझ्या भावाबद्दलही. त्याला मी स्वतः फोन करेन, माझ्याच आवाजात."

 किल्ल्या टेबलावरच होत्या. काकूंनी त्या उचलून तिच्या हातात कोंबल्या नाहीत. तेवढं त्यांना कळत होतं. त्या काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आयुष्यात त्या खुर्चीवरची त्यांनी फक्त धूळ झटकली होती.

"माझा फोटो काढ."

"आत्ता?"

"त्याच लेन्सने. आता ती कशी दिसते, ते मला बघायचंय."

बऱ्याच वेळाने आतून किल्ल्यांचा आवाज आला. लहान किल्ली फिरली, कपाट कुरकुरलं. सुनेने लेन्स बसवली, दिवा थोडा डावीकडे ओढला.

"खांदे खाली, आई. आणि संशयाने बघू नका, फोटोत येतं."

"मी नेहमी अशीच बघते."

"माहीत आहे."

फोटो निघाला. काकूंनी तो पडद्यावर बघितला, नाक लावून बघितला. झाक नव्हती. सुरकुत्या होत्या, सगळ्या.

"केस फारच पांढरे आलेत गं."

"आहेतच ते पांढरे," सून म्हणाली, आणि लेन्स पुसून खिडकीतल्या टॉवेलवर ठेवायला गेली.