कडेला ठेवलेला चष्मा

दुपारचं जेवण आटोपून हेमलताबाई जरा आडव्या होतात. संध्याकाळी निमिष त्यांना पावभाजी खायला नेणार आहे. पोरगा चौतिशीतला, आणि कोलेस्टेरॉल बापाइतकं. डॉक्टरांनी दम भरल्यापासून साळसूदपणे सगळं ठरवून बसलाय: एकच पाव, तोही कोरडा, भाजी बिनलोण्याची, कांदा-टोमॅटो भरपूर आणि वर ताक. बापही असंच ठरवायचा म्हणा. पंख्याची घरघर ऐकता ऐकता बाईंचे डोळे जड होतात.

घरघर आता तव्याखालच्या शेगडीची आहे. शिवाप्पाची पावभाजीची गाडी, पण ती उभी आहे दवाखान्याच्या व्हरांड्यात. बाकावर दिगंबरराव बसलेत, इस्त्रीच्या शर्टात. हेमलताबाईंचे यजमान हो. हृदय बंद पडून गेले, त्याला तीन वर्षं झाली. बाईंना त्याचं काही नवल वाटत नाही. बाहेर गार आहे, स्वेटर का नाही घातलात, एवढंच त्या विचारतात.

ते हसून ऑर्डर देतात. बिनलोण्याची, पाव कोरडा. मग चष्मा काढून गाडीच्या कडेला ठेवतात. शिवाप्पा चष्म्याकडे बघतो, ताटलीत गुपचूप लोण्याचा गोळा टाकतो आणि त्याच्यावर भाजी पसरतो. वरून बघणाऱ्याला काय कळणार!

व्हरांडा कुठे गेला कोण जाणे. दिगंबरराव घरातल्या ओट्याशी उभे आहेत, ताटली घेऊन.

“चष्म्याची खूण तुला ठाऊक होती ना?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

बाईंना हुंदका आवरत नाही. “रिटायर झाल्यापासून तुम्ही हसणंच सोडलं होतं. त्या गाडीवर तेवढे हसायचात. माझी जीभच रेटली नाही हो.”

ते रागावत नाहीत, हीच तर पंचाईत. चार शब्द सुनावले असते तर बाईंचा जीव हलका तरी झाला असता. लोण्यानं माखलेल्या अंगठ्यानं ते चष्मा उचलतात.

“गेल्या रविवारी निमिषनं चष्मा काढला, तेही पाहिलंस तू. मीच शिकवलंय त्याला.”

बाई उत्तर द्यायला तोंड उघडतात, आणि जाग येते.

उशी ओली झालेली आहे. उठून त्या कपाटातली यजमानांच्या चष्म्याची डबी काढतात. तीन वर्षांपूर्वी काचा स्वतः पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनीच ती ठेवली होती. उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा आहे. बोट लावलं तर तुपकट लागतं.

बाहेरून निमिष हाक मारतो. झालं का आवरून?

काच न पुसता बाई डबी पिशवीत टाकतात आणि दारात येतात.

“चल. पण तुझा चष्मा आज डोळ्यांवरच राहू दे.”

निमिष खाली बघत चपला घालतो. मग हळूच चष्मा नाकावर सरकवतो.