पाद्रीबाबांचा सुरुंग

जव्हारच्या मिशन-बंगल्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा दवाखान्यातली रिकामी बाटली फेकायची कुणाची छाती नव्हती. 'लागेल कशाला तरी' म्हणून ती कपाटावर चढायची आणि तिथेच राहायची. बंगल्यातल्या किश्शांचंही तसंच झालंय. चार जुनी माणसं भेटली की एकेक खाली उतरतो, आणि बहुतेक सगळे आमच्या पाद्रीबाबांचे आणि त्यांच्या यंत्रांचे!

पाद्रीबाबा नगरकडचे. मुंबईला गेले की काहीतरी नवीन घेतल्याशिवाय परतायचे नाहीत. देव माणसाला अक्कल देतो, अक्कल यंत्र देते, म्हणजे यंत्र ही देवाचीच देणगी, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांच्या पत्नी रूथबाई म्हणायच्या, "मग देवाला सांगा, एखादी देणगी हलकी पाठव. घाट चढताना बैलांची जीभ बाहेर येते."

*

पहिल्यांदा आला चित्रांचा कंदील. तो घेऊन आम्ही सूर्यमाळला गेलो. पेटी डोक्यावर घेऊन चढला काशा, तिथल्याच पाड्यावरचा जवान गडी. कुडाच्या भिंतीवर रूथबाईंचं पातळ ताणलं, दिवा पेटवला आणि येशूच्या जन्मापासून एकेक चित्र दाखवलं. क्रूसाचं चित्र आलं तसा सगळा पाडा पुढे सरकला. पाद्रीबाबांनी समजावलं की तो मेला, पुन्हा उठला, पण हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या.

काशा पुढेच बसला होता. त्याने विचारलं, "पाद्रीबाबा, तो सुतार व्हता ना? मंग त्या हातांनी त्याला परत काम जमलं का?"

पाद्रीबाबा कंदिलाची काच पुसत राहिले.

*

मग आला फोनो, तबकड्या वाजवणारी पेटी. बंगल्याच्या ओट्यावर भजनाची तबकडी लागली की बाजारातलं अर्धं गाव फाटकाशी जमायचं. पाद्रीबाबा खूश. महिन्याभरात बाजारातल्या गुत्तेवाल्यानेही तसाच फोनो आणून दुकानाबाहेर मांडला, आणि आमची सगळी गर्दी तिकडे गेली! ऐकता ऐकता लोक आत शिरायचे आणि झिंगून बाहेर पडायचे.

पाद्रीबाबांनी दोन दिवस फोनोला हात लावला नाही. शेवटी रूथबाईच म्हणाल्या, "पेटीवर कशाला रागावता? आपण कुणाच्या दारात वाजतोय, हे तिला कुठे कळतंय."

*

सुरुंगाची गोष्ट मात्र मी हसत सांगू शकत नाही.

उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बायका पाण्यासाठी दरीत उतरायच्या. कपारीतल्या झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन कडा चढायचा. काशाची बायको पोटुशी असताना तिथेच घसरली. बाई वाचली, पोर गेलं. पुढच्याच आठवड्यात काशाने पाड्याजवळ पहार मारली आणि एकट्यानेच विहीर खणायला घेतली. पुरुषभर खोल गेल्यावर काळा खडक लागला.

पाद्रीबाबांनी रीतसर परवाना काढून सुरुंगाची दारू आणली. आमच्या मंडळीत कुजबुज झाली. माणसं मारायची वस्तू मिशनात कशाला, असं एका वडीलधाऱ्यांनी तोंडावर विचारलं. त्या रविवारी पाद्रीबाबांनी उपदेशात तेवढंच घेतलं. म्हणाले, "आपला प्रभू सुतार होता. खिळे ठोकून त्याने लोकांच्या घरांची दारं उभी केली. तसल्याच खिळ्यांनी लोकांनी त्याला मारलं. म्हणून आपण शाळेचं छप्पर दोरीने बांधलं का?"

काशा ओट्यावर बसून ऐकत होता. पुढे पाद्रीबाबांनी त्याला सगळं शिकवलं. खडकात भोक कसं पाडायचं, दारू कशी ठासायची, वात लावून कुठवर पळायचं. तो इतका तयार झाला की दारूचा डबा त्याच्याच घरी, चुलीपासून लांब ठेवू लागले. पाद्रीबाबांना त्याचा फार अभिमान होता.

*

काशाची बहीण दाभोशाला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुणे फार, आणि घरात त्यांच्यापुढे ठेवायला काही नाही. मामा म्हणून काशाने मासळीचा भार उचलला. जाळं टाकत बसायला वेळ नव्हता; पाण्यात बार उडवला की मासे आपोआप मरून वर येतात. त्याने डब्यातली थोडी दारू एका बाटलीत भरली, वात खोचली आणि नदीच्या डोहावर गेला. बाटली आमच्याच दवाखान्यातली होती. तिच्यातून मीच त्याच्या बायकोला खोकल्याचं औषध दिलं होतं.

काशा सुरुंग शिकला होता तो खडकाचा. खडकात वात पेटवायची आणि पळायचं. इथे पेटवून, हातात धरून, मग फेकायचं होतं. वात आखूड पडली.

त्याला डोलीत घालून जव्हारला आणलं. संस्थानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उजवा हात मनगटातून काढला. क्लोरोफॉर्मचं फडकं मी धरलं होतं. तेही पाद्रीबाबांनीच मुंबईहून आणलेलं.

*

पाद्रीबाबांचं जेवण तुटलं. रविवारी वेदीपुढे उभे राहिले, पण उपदेश केलाच नाही. "दोष यंत्रात नसतो असं मी म्हणत आलो. या वेळी तो माझ्यात आहे," एवढं म्हणून खाली बसले. आम्हा सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता उठणार नाही. मला काशापेक्षाही त्यांचीच जास्त काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी ते काशाच्या खाटेशी गेले. मी पट्टी बदलत होतो. उरलेली दारू नदीत बुडवतो आणि विहिरीचं काम सोडून देतो, असं त्यांनी त्याला सांगितलं.

काशा वरच्या वाशांकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "शाळंच्या छपराला खिळं तुमीच ठोकलंत ना? खिळ्यांनी तुमच्या देवाचे हात फोडले, तरीबी ठोकलंत." पुढे हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला त्या कड्याला परत धाडू नका, पाद्रीबाबा."

पाद्रीबाबा तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मी पट्टी बांधत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

*

राहिलेले सुरुंग पाद्रीबाबांनी स्वतः लावले. दुसऱ्या कुणाला वातीजवळ येऊ दिलं नाही. ऐन उन्हाळ्यात खडक फुटला आणि पाणी लागलं. अख्खा पाडा काठाशी जमला. काशाची बायको हंडा कमरेवर घेऊन उभी होती.

तिकडची रीत अशी, की पहिली पहार ज्याने मारली त्यानेच पहिला डोल ओढायचा. त्याच्याआधी कुणी पाण्याला शिवत नाही. काशा पुढे झाला. डोल खाली सोडला, भरला, आणि डाव्या हाताने दोर ओढला. हातभर दोर वर आला. पुढचा धरायला दुसरा हात नव्हता. पकड बदलायला गेला की दोर निसटायचा आणि डोल पुन्हा पाण्यात जायचा. तीनदा असं झालं. त्याची बायको मान खाली घालून उभी होती.

पाद्रीबाबा धावले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला. काशाने मान हलवली.

"रीत माझी हाय," तो म्हणाला. "माझा जेवढा हात गेला, तेवढाच द्या."

पाद्रीबाबांनी डावा हात पाठीमागे नेला, आणि उजव्याने दोर धरला.