रिकामा खिळा

काल मॉरिसव्हिलच्या घरी चिंच लावून समई घासत होते. हाताला पितळेचा वास लागला आणि मी थेट पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत पोचले!

तेव्हा माझं मास्टर्सचं पहिलं वर्ष होतं. बंद पडलेली ती खाण पर्यटकांना दाखवत. छोट्या गाडीतून अंधारात उतरताना आम्ही आनंदाने नुसते किंचाळत होतो. आत जाताना प्रत्येकाला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला मिळाला होता. वर आल्यावर तो दारापाशी फळ्यावरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा.

बाहेर उन्हात आमचे फोटो सुरू झाले, तोच म्हातारा गाइड दिवा घेऊन पुन्हा आत धावला. फळ्यावरचा एक खिळा रिकामा होता.

"अरे यार, माझाच आहे तो!" माझी रूममेट स्नेहल हसत सुटली. बिल्ला तिने आठवण म्हणून खिशात टाकला होता.

हाका मारून त्याला परत बोलावलं. तो रागावला नाही. बिल्ला अडकवत धापा टाकत म्हणाला, "माझे आजोबा पोलंडहून इथे आले. छत कोसळलं, त्या दिवशी त्यांचा खिळा असाच रिकामा राहिला. आजी फळ्यासमोरून हलेना."

केवढा घाबरट म्हातारा, असं तेव्हा वाटलं होतं. परतताना गाडीत आम्ही गाणीसुद्धा म्हटली.

आता लेकीला नुकतं लायसन्स मिळालंय. "बाय आई, डोन्ट वरी!" म्हणत ती उडतच बाहेर पडते. काल समई केव्हाच लखलखली होती. दाराजवळच्या हुकावर तिच्या किल्ल्या वाजेपर्यंत मी घासतच राहिले.