गोलमध्ये उभी केलेली मुलगी

आमच्या शाळेत हॉकी सुरू झाली ती कुणाला हॉकी आवडत होती म्हणून नाही. आमचे खेळाचे सर मूळचे कबड्डीचे. पण कबड्डीला जिल्ह्यात गावोगावचे संघ, त्यांतून वर जाणं मुश्कील. हॉकीला अख्ख्या जिल्ह्यातून मुलींचे तीनच संघ यायचे. दोन सामने जिंकले की विभागाला गेलात. आणि तिथवर खेळलेल्या दहावीच्या मुलींना परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळतात, असं सरांनी पालकांच्या बैठकीत सांगितल्यावर हॉकीला एकदम मान आला.

मी तेव्हा दहावीत होते. आई त्याच शाळेत मराठी शिकवायची. धारूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं मैदान, म्हणजे मुरमाची उतरती जागा. पश्चिमेकडून मारलेला चेंडू आपोआप पूर्वेच्या बाभळींत जायचा. मधून मधून खडे वर आलेले. चेंडू कुठं उडेल सांगता यायचं नाही, त्यामुळे आम्ही बहुतेकजणी चेंडूपासून अंतर राखून खेळायचो.

एकच मुलगी तशी नव्हती. नववीतली, घाटाखालच्या एका वस्तीवरून रोज चालत यायची. अंगानं बारीक, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्याला येत नव्हतं. सरांकडे नियमांचं एक पातळ पुस्तक होतं, त्यातली चित्रं दाखवून ते आम्हाला स्टिक कशी धरायची ते सांगायचे. ती मात्र इतकी खाली वाकायची की स्टिक जमिनीवर जवळजवळ आडवी व्हायची. खड्यावरून उडालेला चेंडू ती उडतानाच अडवायची आणि त्याच झटक्यात दुसऱ्या बाजूनं निघून जायची. एकदा सरांनी गंमत म्हणून आम्हा पाचजणींना तिच्यावर सोडलं. बराच वेळ आम्ही तिच्याभोवती स्टिका आपटत राहिलो. चेंडू काही कुणाला मिळाला नाही. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "घ्या आता," आणि चेंडू माझ्या पायाशी ढकलला.

जिल्ह्याच्या सामन्यांची यादी आमच्या घरी झाली. सोळा नावं द्यायची होती. माझं अक्षर बरं म्हणून सर सांगायचे आणि मी लिहायचे. आई चहा करत होती. आधी दहावीच्या मुलींची नावं आली. त्यांतल्या काहींनी तोवर स्टिक हातात धरलेली नव्हती. मग संस्थेच्या एका संचालकांची पुतणी. मग दुसऱ्या एका मॅडमची मुलगी. चौदा नावं झाल्यावर मी विचारलं, "सर, ती नववीतली?"

"तिला पुढचं साल हाय ना," सर म्हणाले. "ह्यांचं हे शेवटचं साल."

आई आतून म्हणाली, "अहो सर, पण ती खेळते चांगलं असं सगळ्या पोरी म्हणतात."

सरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "घाला. पंधरावी."

तिला कुठं खेळवायचं हा प्रश्न दोनच दिवसांत सुटला. आमची गोलकीपर दहावीतलीच होती. सरावात तिच्या गुडघ्यावर चेंडू बसला आणि तिनं रडून सांगितलं की मी यादीत राहीन, पण गोलमध्ये उभी राहणार नाही. सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि त्या बारक्या मुलीला पुढं बोलावलं.

"तुला बॉल चांगला अडवता येतो का न्हाई?"

"येतो सर."

"मग अडवणारीनं गोलमध्येच उभं राहाय पायजे."

हे त्यांना अगदी सरळ वाटत होतं. गोलचा वरचा दांडा तिच्या डोक्याच्या हातभर वर होता. पॅड तिच्या मांडीपर्यंत यायचे. हेल्मेट डोक्यावर फिरायचं म्हणून ती आत ओढणी गुंडाळायची. पुढच्या फळीत मधोमध, सेंटर फॉरवर्डला, मी होते. मला तिथं का ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं. मी धावायला बरी होते, आणि मी मॅडमची मुलगी होते.

जिल्ह्याचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो. समोरचे संघ आमच्यासारखेच होते.

विभागाच्या सामन्याला सरांनी काळीपिवळी जीप ठरवली. सामना ज्या शहरात होता ते आमच्यातल्या निम्म्या मुलींनी पाहिलेलं नव्हतं. सरांनी वाटेत सगळ्यांना केळी घेऊन दिली, उलट्या करणाऱ्यांना खिडकीशी बसवलं, एकीची चप्पल तुटली तर स्वतः उतरून शिवून आणली. हे लिहायला हवं, कारण ते वाईट माणूस नव्हते.

तिथलं मैदान हिरव्या गालिच्याचं होतं, पाणी मारलेलं. आम्ही त्यावर चालतानाच घसरत होतो. चेंडू कुठंही उडत नव्हता, नुसता सरळ, फार वेगानं यायचा. ती मुलगी खाली बसली, तळहात गालिच्यावरून फिरवला आणि हसली. मग पॅड घालून तशीच फदफद करत पंचांकडे गेली. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही. परत आल्यावर म्हणाली, "पंचाला इचारून आले. गोलकीपरला त्या पट्टीपर्यंत येता येतं. हातात स्टिक असली म्हणजे झालं." तिनं लांबची एक पांढरी रेघ दाखवली. सर तेव्हा नोंदणीच्या टेबलापाशी होते.

पहिल्या अर्ध्यात आम्ही मधली रेघ क्वचितच ओलांडली. सगळा खेळ आमच्या गोलसमोर चालू होता. तिनं काय काय अडवलं ते मी लांबून उभी राहून पाहत होते, कारण मला दुसरं काम नव्हतं. पायानं, स्टिकनं, एकदा आडवी पडून छातीनं. अर्ध्या वेळेला दोन्हीकडे शून्य होतं. समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाई स्वतःच्या मुलींना सोडून आमच्या गोलकडे बघत उभ्या होत्या.

दुसऱ्या अर्ध्यात बराच वेळ गेल्यावर तिनं एक फटका अडवला आणि या खेपेला चेंडू बाहेर न मारता स्टिकवर घेतला. पॅड घातलेली ती चेंडू घेऊन निघाली. समोरची पहिली मुलगी आश्चर्यानंच बाजूला झाली. दुसरीला तिनं उजवीकडून हुलकावणी दिली, तिसरीच्या स्टिकवरून चेंडू अलगद उचलून नेला. बरोबर त्या पांढऱ्या रेघेशी थांबली, मान वर करून मला बघितलं आणि चेंडू मारला. तो दोन मुलींच्या मधून माझ्या स्टिकशी आला. इतका नीट पास मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. माझ्यापुढे मोकळं मैदान होतं. मी धावले, गोलसमोरच्या अर्धगोलात, डीमध्ये शिरले, समोर एकटी गोलकीपर. मी जोरात स्टिक फिरवली. चेंडू जागेवर राहिला आणि स्टिक त्याच्यावरून गेली.

मागं सरांचा आवाज ऐकू आला. "गोल सोडून कुठं फिरायलीस बे? बाहेर ये! बाहेर ये आधी!"

ती म्हणाली, "सर, नियमात हाय. म्या इचारलंय."

"मला नियम सांगू न्हको."

सरांनी तिला बाहेर बोलावलं आणि त्या गुडघ्यावाल्या मुलीला आत जायला सांगितलं. पॅडचा जोड एकच. पंच म्हणाले, वेळ थांबणार नाही. एकीचे पट्टे सोडायचे, दुसरीचे बांधायचे, तोवर गोल मोकळा. समोरच्या मुलींनी तेवढ्यात एक गोल केला. नंतर आणखी दोन झाले, कारण आमची नवी गोलकीपर चेंडू आला की डोळे मिटायची.

मला जे जास्त स्पष्ट आठवतं ते त्यानंतरचं. पॅड उतरवल्यावर ती मोकळ्या पायांनी, स्टिक हातात घेऊन रेघेबाहेर उभी होती. आता ती कुठंही खेळू शकली असती. हॉकीत खेळाडू कधीही आतबाहेर होऊ शकतो, हे तोवर आम्हाला कळलं होतं. उजवीकडच्या फळीतली एक मुलगी ओरडली, "सर, तिला पुढं घ्या की!" सर म्हणाले, "बस खाली. शिस्त पायजे खेळात." ती बसली. मी तिच्यापासून फार लांब नव्हते. पाय मुरगळला असं खोटंच सांगून मी बाहेर आले असते तर सरांना कुणालातरी आत सोडावंच लागलं असतं. तसं माझ्या मनात आलं होतं. मी आले नाही.

सामना संपल्यावर त्या प्रशिक्षक बाई आमच्याकडे आल्या. सरकारी क्रीडा वसतिगृहातही त्या शिकवायच्या. "ती पॅडमधली मुलगी उन्हाळ्यात आमच्या निवड चाचणीला पाठवा," त्यांनी सरांना सांगितलं. "गोलकीपर म्हणून नको. पुढं खेळणारी आहे ती." सरांनी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं असावं, परतीच्या वाटेवर ते तिच्याशी चांगलं बोलले.

चाचणीचा फॉर्मही आमच्याच घरी भरला. 'खेळण्याची जागा' असा एक रकाना होता. सर म्हणाले, "गोलकीपर लिव्ह."

"बाई तर पुढची म्हणाल्या होत्या, सर."

"विभागाच्या प्रमाणपत्रावर गोलकीपर हाय. कागदाला कागद जुळाय पायजे, न्हाईतर तितं बाद करतेत."

मी लिहिलं. माझी परीक्षा जवळ आली होती, त्या रकान्याचा मी पुन्हा विचार केला नाही.

ती मामाबरोबर चाचणीला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. परीक्षा संपल्यावर आईचा डबा द्यायला गेले तेव्हा शाळेच्या नळावर ती भेटली. मी विचारलं, काय झालं. "गोलकीपरच्या रांगेत उभं केलं," ती म्हणाली. "भिंतीला लावून उंची मोजली. म्हणले, जा."

"आणि त्या बाई?"

"त्या न्हवत्या त्या दिशी."

"तू सांगितलं नाहीस का, मी पुढं खेळते म्हणून?"

"म्या पुढं कधी खेळले?"

पुढच्या वर्षी तिची दहावी होती. पण जिल्ह्यात हॉकीचे आणखी चार संघ झाले होते आणि वर जाण्याची खात्री उरली नव्हती. सरांनी हॉकी सोडून तलवारबाजी घेतली. स्टिका प्रयोगशाळेच्या माळ्यावर गेल्या. मला वाढीव गुण मिळाले, पुढं मी शिक्षिका झाले. सर सन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात विभागापर्यंत गेलेल्या संघाचा फोटो मोठा करून लावला होता.

मागच्या वर्षी माझी बदली तेलगावकडच्या शाळेत झाली. पहिल्याच आठवड्यात सकाळच्या एसटीत कंडक्टर माझ्यासमोर उभी राहिली आणि तिकिटाच्या मशीनवरून वर बघत म्हणाली, "ताई, वळख लागली का?" बसायला जागा नव्हती. घाट उतरेपर्यंत आम्ही दांड्याला धरून बोललो. लग्न झालं, दोन मुली आहेत, नवरा किराणा दुकान चालवतो. कंडक्टरची परीक्षा तिनं पहिल्याच प्रयत्नात काढली होती. हॉकीचं तीच बोलली, मी नाही.

"तुझ्या हातून तो गोल कावून हुकला, ते मला आजबी कळत न्हाई," ती हसून म्हणाली. "लई सोपा दिलता मी."

मी म्हटलं, मला खेळता येत नव्हतं.

"ते तर मला ठावं होतं. तरी वाटलं, एवढा सोपा हाय तर लागंल."

मी विचारलं, सरांचा राग आला नव्हता का. वळणावर बस झुकली तशी तिनं एका म्हातारीला दंडाला धरून सावरलं.

"तवा न्हाई आला," ती म्हणाली. "तवा वाटलं, असंच असतं आसंल. चांगलं खेळलं की बसवतेत. राग नंतर आला, पोरी झाल्यावर. थोरलीच्या शाळेत जाऊन मी सांगून आले तिथल्या सरांना, तिला कुठं उभं करायचं ते आधी तिला इचारा. ते म्हणले, ताई, आमच्याकडं खेळाचा तासच न्हाई."

मागून कुणीतरी तेलगावचं तिकीट मागितलं. ती वळली. गर्दीतून वाट काढत ती मागच्या सीटांकडे गेली, आणि मी उतरले तेव्हा ती अजून तिकडेच होती. आता रोजच भेटते. कधी बोलतो, कधी नुसती मान हलवतो. गर्दी कमी असली की ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते.