एका सहीचं जर्नल

खजुरीचे बसलिंगप्पा गुलबर्ग्याकडच्या एका विद्यापीठात ग्रंथालयाचा नियतकालिक विभाग सांभाळत. परदेशी जर्नलाचं पाकीट आलं की ते स्वतः फोडत, शिक्का मारत, मांडणीवर लावत. आतलं फारसं कळत नसे. पण पानाचा कोपरा कुणी दुमडला तर जीव कळवळायचा.

१९९१ साली रुपया घसरला. परदेशी जर्नलं एकदम महागली, मंजूर रक्कम मात्र तेवढीच. ग्रंथपाल म्हणाले, "निम्मी बंद करा. यादी तुम्हीच काढा."

बसलिंगप्पांनी वाचकांच्या सह्यांचं रजिस्टर उघडलं. वनस्पतिरोगांच्या एका जर्नलासमोर वर्षभर एकाच नावाची सही होती. अंबिका, जनवाड्याची. तुरीच्या मर रोगावर पीएच.डी. करणारी. एकीसाठी एवढं महागडं जर्नल कसं चालू ठेवायचं? त्यांनी काट मारली.

महिन्याभरानं ती आली. "अण्णा, नवा अंक न्हाई आला?"

"बंद झालं, अक्का."

"कामून? मी त्याच्यावरच काम करायलेय की!"

"वरून हुकूम हाय," ते म्हणाले. यादी आपली, हे काही तोंडातून निघालं नाही.

अंबिका पुढं अडीच वर्षं कुंड्यांत तुरी लावून राबली. मग एका परिसंवादाला ती हैदराबादला गेली. तिथल्या ग्रंथालयात तेच जर्नल होतं. परत आली आणि एक झेरॉक्स तिनं बसलिंगप्पांच्या टेबलावर ठेवली.

"माझा सगळा प्रयोग ह्यात हाय, अण्णा. दुसऱ्या कुणी करून दोन वर्षांमागंच छापलाय. आता माझं नवीन काय उरलं?"

बसलिंगप्पांनी त्या वर्षीचं रजिस्टर काढून तिच्यापुढं ठेवलं. "काट मीच मारली, अक्का. सही तुझी एकटीचीच होती."

तिनं झेरॉक्स उचलली. "एकदा विचारायचं तरी," म्हणाली नि गेली.

तेव्हापासून रजा टाकून ते महिन्याला हैदराबाद गाठू लागले. बंद जर्नलांच्या अनुक्रमणिकांच्या झेरॉक्स आणून विभागाविभागांत वाटत. अंबिकाची प्रत तिच्या हाती देताना मान वर होत नसे. ती घ्यायची नि चालू पडायची.

तिनं विषय बदलला. शिष्यवृत्ती संपली होती, म्हणून बीदरच्या कॉलेजात शिकवत शिकवत तीन वर्षं उशिरा प्रबंध दिला. त्याची प्रत ग्रंथालयात आली, तेव्हा शिक्का मारायच्या आधी बसलिंगप्पांनी आभाराचं पान दोनदा वाचलं. त्यांचं नाव नव्हतं. बरोबरच हाय, असं ते मनाशी म्हणाले. पण त्या दुपारी भाकरीचं फडकं त्यांनी सोडलंच नाही.